शेड नंबर सातची भागाबाई

शनिवारी रात्री सिंधीपुऱ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, असं दहा वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं तर लोकांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. अहो, इथं होतं काय? बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडी, पत्रे उडालेली छपरं, तुंबलेली गटारं, आणि सात वाजले की ओट्यावर बसून एकमेकांची तोंडं बघणारी म्हातारी माणसं. आता त्याच गल्लीत शनवाऱ्याची, लालबागची पोरं-पोरी नटूनथटून येतात, काचेच्या बरणीतून निळं सरबत पितात आणि त्याला नाईटलाईफ म्हणतात. बुऱ्हाणपूरचं नाईटलाईफ! हसू नका, पोरं फार मनावर घेतात. साडेअकराला पोलिसांची गाडी येऊन शिट्टी मारते तेव्हा ते संपतं, पण तोवर असतं.

या नाईटलाईफच्या मागच्या बाजूला, मोरीपाशी, लाकडी पाटावर बसून भागाबाई त्या बरण्या धुते.

भागाबाई मूळची जसोंडीची. लग्न होऊन सिंधीपुऱ्यात आली ती कडूच्या घरात. कडूच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्याचं नाव कडू ठेवलं, की मरणानं तोंड लावू नये. काळासावळा, उंच, थोडा वाकून चालणारा माणूस. याच शेडमध्ये तो मशीन चालवायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भागाबाईपण तिथं कांडी भरायला बसली. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती दोऱ्याची नळी. धोटा इकडून तिकडं पळतो, नळीतला दोरा संपतो, की दुसरी भरलेली तयार पाहिजे. कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, दिवसाला शेकडो कांड्या ती भरायची.

आता त्या शेडचं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चोवीस मशीन एका छपराखाली चालल्या की तिथं कान कामाचे राहत नाहीत. शेजारी उभं राहून कोकललात तरी ऐकू येणार नाही. म्हणून शेडमधली माणसं आवाज काढतच नाहीत. नुसतं तोंड हलवतात, पण मोठं, सावकाश, एकेक शब्द ओठांवर मांडून. समोरचा ते बघून घेतो. चाळीस फुटांवरून भागाबाई आणि कडू अशा गप्पा मारायचे, की संध्याकाळी भाजी काय करायची, पोरीला ताप आहे का, आणि नवीन मुनीम कसा चालतो. मुनीम त्यांच्या मधून जायचा आणि त्याला पत्ता नसायचा. नवी आलेली बाई वर्षभरात हे शिकायची. आणि वर्षभरातच तिचे कानही निम्मे जायचे.

मग भांडण झालं तर? तेही तसंच. शेडमध्ये अबोला धरायचा म्हणजे मान खाली घालायची. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचंच नाही. तू काय बोलायचं ते बोल, मी बघत नाही, म्हणजे मी ऐकत नाही. बाहेरच्या जगात माणसाला कानात बोटं घालावी लागतात, इथं नुसती हनुवटी छातीला लावली की झालं. भागाबाई यात पटाईत होती. दोन-दोन दिवस मान वर करायची नाही आणि कडू बिचारा मशीनपाशी उभा राहून तोंड हलवत राहायचा.

पंधरा वर्षांपूर्वी अशीच तिनं मान खाली घातली होती. जसोंडीला भावाच्या पोराचं जावळ होतं. कडूनं जाऊ म्हणून कबूल केलं आणि ऐन वेळी दुसऱ्याची पाळी अंगावर घेतली. भागाबाईचा असा संताप झाला की दुपारपासून तिनं त्याचं तोंड बघितलं नाही. रात्री दोघं एकाच पाळीला शेडमध्ये. ती कोपऱ्यात कांडी भरतेय, तो समोरच्या रांगेत शेवटच्या मशीनवर. तो बोलतोय हे तिला कळत होतं. नजर अंगावर आली की कळतं हो, त्याला डोळे लागत नाहीत. तिनं हनुवटी आणखी खाली घातली. मनात म्हणाली, बोल, बोल, किती बोलायचं ते बोल.

मग एकेक करून मशीन बंद पडायला लागल्या. तिनं मान वर केली तेव्हा कडू मधल्या वाटेत तिसऱ्या खांबापाशी पडला होता. त्या शेडमध्ये जुनी पद्धत होती. छपराखालून एक लांब लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरून खाली चामडी पट्टे उतरायचे, त्यांच्यावर मशीन चालायच्या. कोपऱ्याकडच्या रांगेचा एक पट्टा जोडातून सुटला आणि कडूच्या कानशिलावर बसला. जागच्या जागी गेला माणूस.

गेला तो गेलाच, पण मागं एक प्रश्न ठेवून गेला. हातातली मशीन चालू सोडून तो मधल्या वाटेत आला कशाला? मालकाच्या माणसांनी तेच धरून ठेवलं, की कामाची जागा सोडली, चूक त्याची. एका विणकरानं सांगितलं, मी पाठीमागून बघितलं, तो भागाकडं हातवारे करून जोरजोरात काहीतरी बोलत होता आणि बोलत-बोलतच चालत निघाला. तोंड दिसलं नाही मला. झालं. गल्लीनं पुढचं पूर्ण केलं. बायको बघेना म्हणून चिडला, शिव्या देत अंगावर धावून निघाला होता, आणि मधेच मरण आलं. दहाव्याला आलेल्या बायकासुद्धा हेच कुजबुजत होत्या आणि कुजबुज भागाबाईपासून लपत नाही. ओठ हलले की तिला सगळं कळतं.

तेव्हापासून तिला दुसरं काही नको होतं. मरताना नवरा आपल्याला शिव्या देत होता का? का दुसरं काही म्हणत होता? एवढं एक कळलं पाहिजे. आणि सांगणार कोण? त्याचं तोंड एकाच माणसाच्या बाजूला होतं, आणि त्या माणसानं मान खाली घातली होती.

पुढं शेड बंद पडली. मशीन भंगारात गेल्या. पोरगी तृप्ती लग्न होऊन खंडव्याला गेली. भागाबाईला त्या शांततेत झोप लागेना. मशीनच्या धडधडीत झोपलेला जीव तो. रात्री सगळं गप्प झालं की उठून बसायची आणि वाटायचं, आत्ता कुणीतरी काहीतरी म्हणालं. तृप्तीशी बोलायची ती फक्त व्हिडिओवर. साधा फोन तिच्या काय कामाचा? पोरीचे ओठ दिसले पाहिजेत. नेट अडकलं की तृप्तीचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडंच राहायचं आणि भागाबाई पडद्यावर बोट आपटायची. "बाई बाई, तोंड हालव व पहिले," म्हणायची.

मग गेल्या वर्षी चेतन आला. शनवाऱ्याचा पोरगा, पुण्यात चार वर्षं हॉटेलच्या धंद्यात राहिलेला, दाढी कोरलेली. त्यानं ती शेड भाड्यानं घेतली. भिंतींचा गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या. आयुष्यात भागाबाईनं गिलावा करणारे बघितले होते, खरवडणारा हा पहिलाच. वरचा शाफ्ट तसाच ठेवला आणि त्याला पिवळे दिवे टांगले. पट्टे केव्हाच भंगारात गेले होते. एक मशीन कशीबशी शिल्लक होती, शेवटच्या जागेवरची, कडूचीच, तिला लाल रंग दिला आणि पोरी तिला टेकून फोटो काढायला लागल्या. टेबलावर काचेच्या पेल्यांमध्ये जुन्या कांड्या उभ्या करून ठेवल्या, शोभेला. दारावर गुलाबी दिव्यांची पाटी, शेड नंबर सात. कॅफे म्हणे. शनिवारी डीजे.

भांडी घासायला बाई पाहिजे म्हटल्यावर भागाबाई गेली. पोटासाठीच गेली होती, पण पहिल्या शनिवारी जमिनीतून ती धडधड पायाच्या तळव्यांना लागली आणि तिचे डोळेच भरून आले. पंधरा दिवस ती लेकरासारखी झोपली.

मोरीतून हॉल दिसायचा, आणि तिथं जे चालायचं ते बघून भागाबाईला हसू आवरेना. आवाज असा की पोरांना शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. कानात ओरडायची, मान हलवायची, खोटं हसायची. भागाबाईला मात्र हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं कळत होतं. हा म्हणतोय, "भाई, बाबांचा फोन आला, मी लायब्ररीत आहे सांग." ती म्हणतेय, "सँडल चावतंय यार, घरी जाऊ ना." एक पोरगा एका पोरीसमोर बसून नुसताच ओठ हलवत होता, "आय लव्ह यू, आय लव्ह यू," आवाज न काढता, सराव करत असावा. पोरगी मोबाईलमध्ये होती. भागाबाईला वाटलं जाऊन तिला कोपरखळी मारावी, की वर बघ बाई, वर बघ.

बेस वाढला की छपराच्या तुळयांवरनं कापसाची बारीक धूळ खाली उतरायची. चाळीस वर्षांची साठलेली ती, झाडून संपली नव्हती. पोरांना वाटायचं चेतननं काही मशीन लावलंय, बर्फ पडल्यासारखं. हात वर करून झेलायची. भागाबाई पदर नाकाला लावायची. त्या धुळीचा वास तिला ठाऊक होता.

पाचव्या शनिवारी डीजेनं तो लुकलुकता दिवा लावला. क्षणात उजेड, क्षणात काळोख, की नाचणारी माणसं जागच्या जागी थिजल्यासारखी दिसतात. भागाबाई बरणी विसळत होती. सहज वर बघितलं तर नाचणाऱ्यांच्या पलीकडं, लाल मशीनजवळ, एक माणूस उभा. उंच, थोडा वाकलेला. तोंड हलवत होता. आणि पोरं हलवतात तसं नाही. मोठं, सावकाश, शब्द मांडून. तसं बोलणारी माणसं आता अख्ख्या सिंधीपुऱ्यात दहासुद्धा उरली नाहीत.

उजेड झाला तेव्हा त्याचे ओठ मिटलेले होते. काळोख. पुन्हा उजेड, तेव्हा तोंड उघडं, "भा". काळोख. पुढच्या उजेडात ओठ ताणलेले, "गा".

बरणी हातातून सुटली आणि फुटली. दिवे लागले. मशीनजवळ दोन पोरी फोटो काढत होत्या.

"मावशी, लागलं का?" चेतन धावत आला.

"तठी कोन उभं होतं रे?"

"कुठं?"

"मशीनपाशी. उंच मानूस."

चेतननं वळून बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. "मावशी, तुम्ही थकल्या. आज लवकर जा घरी. टेन्शन नका घेऊ."

घरी कसली जाते! दुसऱ्या दिवशी सकाळी ती रजनीकडं गेली. रजनी तिच्याच शेजारी बसून कांडी भरायची, आता गुडघ्यांनी घरात बसलेली. दोघी बोलतात तेव्हा खोलीत चिटपाखरू नसल्यासारखं वाटतं. दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसून नुसती तोंडं हलवतायत. रजनीच्या नव्या सुनेला पहिल्यांदा बघून धडकी भरली होती.

"कडू होता," भागाबाईचे ओठ म्हणाले.

रजनीनं वेड्यात काढलं नाही, हेच जास्त वाईट झालं. ती म्हणाली, "तू जाऊ नको तिकडी. मेलेल्या मानसाचं बोलनं अर्धं राह्यलं, तर अर्धंच असू दे."

"मले आयकायचं आहे."

"आन शिवी असली तर?"

भागाबाई उठून घरी आली. पण पुढच्या शनिवारी ती गेलीच, आणि त्याच्या पुढच्याही.

तो दिसायचा. लुकलुकता दिवा लागला की दिसायचा, फक्त तेव्हाच. पण मोरीतून त्याची बाजू दिसायची, सरळ तोंड नाही. "भागा" एवढं कळायचं, मग एखादा तुकडा, आणि मग मधे कुणीतरी नाचत यायचं. एकदा तिनं पुढं होऊन बघितलं, ओल्या हातांनी, पोरांच्या गर्दीत घुसून. पोरांनी "आंटी! आंटी!" करून तिच्याभोवती गोल केला आणि टाळ्या वाजवल्या. तिनं सगळ्यांना ढकललं, पण मशीनजवळ पोचली तेव्हा तिथं कुणी नव्हतं. उलट इतक्या जवळून तो दिसायचाच बंद झाला. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की तो बोलतोय ते कोपऱ्याकडं बघून. तिच्या जुन्या जागेकडं. ती मोरीत बसली काय नि वाटेत उभी राहिली काय, तो तिला नाही, त्या जागेला सांगतोय. बघायचं तर तिथंच बसून बघितलं पाहिजे.

त्या कोपऱ्यात आता चेतननं हिरवा सोफा टाकला होता. शनिवारी तो आधीपासून ठरलेला असायचा, कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच.

"चेतन, मले त्या सोफ्यावर बसू दे. एक शनिवार. माझे पैसे काप," भागाबाई म्हणाली.

चेतनला आधी वाटलं मावशी चेष्टा करतायत. मग त्यानं तिचा चेहरा बघितला. "पैसे कशाला मावशी? तुमचंच आहे. बसा ना. मॉकटेल माझ्याकडून."

चांगला पोरगा होता, उगीच नावं कशाला ठेवा.

त्या शनिवारी भागाबाई अंजिरी लुगडं नेसून आली, तृप्तीच्या लग्नातलं. चेतननं समोर निळी बरणी ठेवली, तीत छोटी कागदी छत्री. हिरव्या सोफ्यावर भिंतीला पाठ लावून, पाय जवळ घेऊन ती बसली. पोरींनी लगेच मोबाईल काढले. आंटीचा स्वॅग म्हणे. तिचं लक्ष नव्हतं. तळव्यांना धडधड लागत होती. छपरातून कापसाची धूळ उतरत होती. समोर, चाळीस फुटांवर, लाल मशीन.

दिवा लुकलुकायला लागला.

कडू उभा होता. आज सरळ तोंड. दाढीचे खुंट, कपाळावर चिकटलेला कापूस, डोळे तिच्यावर. हात हलवत होता. भागाबाईनं मान वर ठेवली आणि डोळ्यांची पापणी लवू दिली नाही.

"भागा," तो म्हणाला. काळोख. "ऊठ." काळोख. "ऊठ तिथून. जोड सुटतोय." काळोख. "पट्टा तुझ्याकडं येईल. भागा, वर बघ. ऊठ."

ती ताडकन उठली. उठली आणि तो गेला. मशीन, दिवे, नाचणारी पोरं, सगळं जिथल्या तिथं, आणि तो नाही.

शिवी नव्हती! भागाबाई मागच्या दारानं गल्लीत आली, गटाराच्या कडेला बसली आणि हमसाहमशी रडली. पंधरा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा गेला. शिवी नव्हती हो, शिवी नव्हती. मग रडता-रडताच तिला दुसरं कळलं आणि तिचं रडं थांबलं. तो सांगत होता. ती बघत नव्हती. म्हणून त्याला मशीन सोडून यावं लागलं. तिनं एकदा मान वर केली असती तर ती उठली असती आणि तो आपल्या जागेवर राहिला असता. पट्टा रिकाम्या कोपऱ्यात पडला असता. एवढंच होतं सगळं.

दोन दिवसांनी तृप्तीचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी घाबरलेली होती. तिनं इन्स्टावर आईची रील बघितली होती. कुणीतरी गाणं लावून टाकलेली, लाखभर लोकांनी बघितलेली.

"आई, तू कोणाशी बोलत होतीस?"

"मी? मी कुठी बोलले?"

"रीलमध्ये दिसतंय. समोर कुणी नाहीये. तू शेडमधल्यासारखं तोंड हलवतेस. सारखं तेच म्हणतेस, थांब, आले, थांब, आले." तृप्तीही त्या शेडच्या माणसांची पोर, तिला ओठ कळतात. "आई, मला भीती वाटतेय. तू खंडव्याला ये. रविवारी मी घ्यायला येते. सामान बांधून ठेव."

भागाबाईला आपण काही बोलल्याचं आठवत नव्हतं. ती पोरीकडं बघत राहिली. नातवंडं मागं खेळत होती. तिथं जेवण आहे, ऊन आहे, माणसं आहेत. "ये," ती म्हणाली. "रविवारी येते मी तुझ्यासंगं." आणि मनापासून म्हणाली, यात खोटं नव्हतं.

पण रविवारच्या आधी शनिवार असतो. निरोप घ्यायला म्हणून गेली बिचारी, एवढंच मनात होतं. चेतनला सांगितलं, उद्यापासून येत नाही, आजचा दिवस बसू दे तिथं. रील चालल्यापासून चेतनकडं गर्दी दुप्पट झाली होती, तो नाही कशाला म्हणतोय? सोफा तिच्यासाठी मोकळा ठेवलेला. ती बसली. दिवा लुकलुकला.

कडू मशीनपाशी होता. "भागा, ऊठ."

तिनं ठरवलं होतं, की या वेळी लगेच उठायचं. त्यानं सांगायचं आणि आपण ऐकायचं. म्हणजे त्याचं काम होईल, तो सुटेल. तिनं गुडघ्यांवर हातसुद्धा ठेवले. आणि मग तिला वाटलं, उठले की जाईल हा. आणि उद्या मी खंडव्याला. हे तोंड पुन्हा दिसायचं नाही. पंधरा वर्षांनी दिसलंय, थोडं बघू दे ना. दुपारपासून, जावळाच्या त्या दुपारपासून, तिनं हे तोंड बघितलं नव्हतं.

ती उठली नाही.

"ऊठ तिथून. जोड सुटतोय." त्याचे हात जोरात हलायला लागले. काळोख, उजेड. त्यानं मशीन सोडली होती. काळोख, उजेड. तो मधल्या वाटेत होता. नाचणारी पोरं त्याच्या दोन्ही बाजूंना सरकत होती, कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं, पण वाट होत होती. एका पोरीनं दंड चोळले, थंडी वाजल्यासारखे, आणि बाजूला झाली.

पहिला खांब. "भागा, वर बघ!"

"बघते आहे," भागाबाईचे ओठ म्हणाले. "बघते आहे, कडू."

तळव्यांना लागणारी धडधड बदलली होती. डीजेची नव्हती ती, चोवीस मशीनची होती. आणि त्यात आणखी एक आवाज, थप, थप, थप, डोक्याच्या बरोबर वर, चामड्याचा. जोड सुटत आला की पट्टा असा वाजतो, हे कांडी भरणाऱ्या कुठल्याही बाईनं झोपेत सांगितलं असतं. तिनं वर छपराकडं बघितलं नाही. डोळे काढले तर तो पुन्हा दिसेल का, कुणी सांगावं?

दुसरा खांब. तिसरा. इथंच तो पडला होता. काळोख झाला. फार वेळ झाला, का तिला तसं वाटलं. उजेड आला तेव्हा तो पडलेला नव्हता. तो खांबाच्या अलीकडं आला होता, तिच्यापासून चार पावलांवर, इतका जवळ की त्याच्या पापण्यांवरचा कापूस दिसत होता. त्या रात्री तो इथवर पोचला नव्हता.

थप, थप. समोरच्या टेबलावरची काचेची बरणी हलायला लागली. चेतन पलीकडून हात हलवत होता, तोंड उघडून काहीतरी म्हणत होता. त्याचं तोंड तिला दिसलं असतं, पण तिनं तिकडं बघितलंच नाही.

"ऊठ," कडू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "भागा, पाया पडतो, ऊठ."

भागाबाईनं पाठ भिंतीला टेकवली, मान वर ठेवली आणि ओठांवर एकेक शब्द नीट मांडला, त्याला चुकू नये असा.

"नाही उठत," ती म्हणाली. "तू ये."